अमेरिकेत हरणाच्या शिकारीला पहिल्यांदा जाताय? कुठलं गॅजेट घ्यायचं आणि कुठलं नाही

ऑक्टोबर लागला की मला दरवर्षी दोन-तीन मेसेज येतातच. ऑफिसातल्या कोणीतरी थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणाच्या शिकारीला बोलवलंय, जाऊ का, आणि लगेच पुढचा प्रश्न, काय काय विकत घेऊ. सोबत कुठल्यातरी दुकानाच्या कार्टचा स्क्रीनशॉट असतो, त्यात सेल कॅमेरे, रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, थर्मल दुर्बीण, कपड्यांचा वास घालवायचं ओझोन मशीन असं हजार-दीड हजार डॉलरचं सामान भरलेलं असतं आणि माणसाने अजून हरणाच्या खुराचा एक ठसासुद्धा बघितलेला नसतो. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, मॅडिसनच्या पश्चिमेला, हा माझा दहावा सीझन. यातलं बरंचसं सामान मी कधी ना कधी वापरलंय, काही ठेवलंय, काही विकून टाकलंय. म्हणून एकदाच सगळं नीट लिहितो.

सगळ्यात आधी, हे फक्त अमेरिकेबद्दल आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे असं माझं ठाम मत आहे, त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर कोणी चल रात्री रानात म्हणालं तर सरळ नाही म्हणा. इथली परिस्थिती उलटी आहे. १९०० च्या आसपास अख्ख्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाख उरली होती असं धरतात, आज ती तीन कोटींच्या घरात आहेत, आणि बहुतेक भागात त्यांना खाणारा लांडगा किंवा पुमा राहिलेला नाही. इथे शिकार ही सरकारने आखून दिलेली, मोजून-मापून होणारी गोष्ट आहे.

आधी कागदपत्रं, मग बाकी सगळं

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट लागतं, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांनाच. पहिल्या वर्षी ते नसेल तर अनुभवी माणसाच्या सोबत, त्याच्या हाताच्या अंतरावर राहून मेंटॉर्ड हंट करता येतो. माझा सल्ला, कोर्स कराच, त्यातलं बंदूक हाताळायचं शिक्षण यूट्यूब बघून येत नाही.

एच-वन किंवा एफ-वन व्हिसावर असाल तर हे दोनदा वाचा. फेडरल कायद्याप्रमाणे नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत, आणि यात मित्राची थोडा वेळ हातात घेतलेली बंदूक पण येते. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे क्रम असा ठेवायचा की लायसन्स आधी आणि रायफलला हात नंतर, आणि मनात शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकायचं नाही. धनुष्य आणि क्रॉसबो (बंदुकीसारखं खांद्याला लावून घोडा ओढायचं धनुष्य) या कायद्यात बंदूक धरत नाहीत, म्हणून आपले बरेच जण तिथून सुरुवात करतात, मी पण तिथूनच केली.

हरणाकडे काय काय आहे ते बघा

ज्यांच्या जमिनीवर मी शिकलो ते माझ्या सहकाऱ्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना ग्रँपाच म्हणतो, आयुष्यभर गाई पाळल्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत. पहिल्या वर्षी त्यांनी मला काहीही घेऊ दिलं नाही. सप्टेंबरचे चार रविवार हातात काही न घेता रानात नुसतं बसायला लावलं, आणि संध्याकाळी विचारायचे की आज तू पकडला कशाने गेलास, वासाने, आवाजाने की हालचालीने. दर रविवारी मी यातल्या कशाने ना कशाने पकडला जायचोच.

हरणाचं मुख्य शस्त्र नाक. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे असेल तर संपलं, ते दिसायच्या आधीच शेपटी वर करून निघून गेलेलं असतं. मग कान, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. मग डोळे, डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे जवळजवळ मागेपर्यंत बघणारे, हालचालीला फार तेज. रंगात मात्र ते कच्चे, नारिंगी-लाल त्यांना मळकट दिसतो, म्हणून तर बंदुकीच्या सीझनमध्ये आपण भडक ऑरेंज जॅकेट घालून बसलो तरी चालतं. उलट निळ्या बाजूचं त्यांना चांगलं दिसतं, त्यामुळे कपडे उजळ करणाऱ्या डिटर्जंटमध्ये धुतलेलं महागडं कॅमोफ्लाज पहाटेच्या उजेडात त्यांना चमकून दिसू शकतं. साधा बिनवासाचा, ब्राइटनर नसलेला साबण घ्या, झालं.

आता गॅजेटकडे या नजरेने बघायचं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मी दोन प्रश्न विचारतो. याने हरणाचे हाल कमी होणार आहेत का? आणि याने हरणाचं नाक, कान, डोळे किंवा त्याला मिळणारा वेळ यातलं काही निकामी होणार आहे का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल तर डोळे मिटून घ्या. दोन्हींचं हो आलं की खरी डोकेफोड चालू होते आणि आजकाल दुकानात येणारं बहुतेक सामान त्याच खान्यातलं असतं.

ही डोकेफोड नवी पण नाही. एकोणिसाव्या शतकात भराभर गोळ्या सोडणाऱ्या रायफली आल्या, रेल्वे आली, बर्फाच्या डब्यातून मटण शहरात जायला लागलं, रात्री दिवा लावून डोळे चमकवून हरणं मारायचे, आणि बघता बघता रानं रिकामी झाली. त्यावरची प्रतिक्रिया म्हणून थिओडोर रूझवेल्ट आणि त्याच्या मित्रांनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब काढला. त्यांची फेअर चेसची कल्पना थोडक्यात अशी की प्राणी मोकळा असला पाहिजे, रानातला असला पाहिजे आणि शिकाऱ्याने त्याच्यावर गैरवाजवी फायदा घ्यायचा नाही. १९०० मध्ये लेसी अ‍ॅक्ट आला आणि चोरून मारलेला प्राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणं हा फेडरल गुन्हा झाला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि गोळ्यांवरचा कर, जो आज ११ टक्के आहे, थेट वन्यजीवांच्या कामाला जायला लागला, आजही जातो. म्हणजे आज जे तीन कोटी हरणं दिसतात ती लोकांनी हात आखडता घेतला म्हणून आहेत, हे नव्या माणसाने डोक्यात ठेवावं.

माझे आजोबा कोल्हापूरचे, संस्थानच्या काळात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायचे त्याच्या गोष्टी सांगायचे. डोळ्यावरची टोपी काढली की चित्ता सुटायचा, पण थोड्या अंतरात काळवीट हाताला लागलं नाही तर तो दम खाऊन बसायचा आणि काळवीट वाचायचं. लहानपणी मला त्यात फक्त चित्ता दिसायचा. आता ते वाचलेलं काळवीट जास्त आठवतं.

ट्रेल कॅमेरा, यावर जरा जास्त लिहितो

कारण हाच सगळे पहिला घेतात. झाडाला बांधायचा, समोरून काही गेलं की फोटो. जुन्या प्रकारात कार्ड काढायला स्वतः जावं लागतं. सेल कॅमेरा फोटो काढला की काही सेकंदात तुमच्या फोनवर पाठवतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण फरक जमीन-अस्मानाचा आहे. कार्डवरचा फोटो सांगतो की गेल्या आठवड्यात इथून कोण गेलं, त्यावरून अंदाज तुम्हालाच बांधावा लागतो. फोनवरचा फोटो सांगतो की ते आत्ता इथे उभं आहे.

माझ्या तिसऱ्या सीझनची गोष्ट. ऑक्टोबरचा शेवट, घरून काम करत होतो, दुपारी चारच्या सुमाराला फोन वाजला आणि स्क्रीनवर मक्याच्या कडेला उभा मोठा नर. जागा घरापासून दहा मिनिटांवर. वारा बरोबर होता, लॅपटॉप बंद केला, ओढ्यातून वाकून गेलो, तो अजून तिथेच एका मादीच्या मागे घोटाळत होता, बावीस यार्डांवरून क्रॉसबोचा बाण बसला आणि साठ-सत्तर पावलांत पडला. काही चुकलं नाही, कायदा मोडला नाही, हाल झाले नाहीत. रात्री ग्रँपांना सांगायला गेलो तर त्यांनी मनापासून अभिनंदन केलं आणि मग नेहमीसारखं विचारायला लागले, कुठून आला, किती वेळ बघितलास, मादी आधी आली का तो, कान कुठे होते. मला एकही सांगता येईना. त्या हरणाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, फक्त पत्ता माहीत होता. तो कॅमेरा मी त्याच महिन्यात विकला.

माझ्यासारखं वाटणारे बरेच निघाले. बून अँड क्रॉकेट क्लब आता आपल्या विक्रमांच्या नोंदवहीत असा प्राणी घेत नाही जिथे शिकाऱ्याने लाइव्ह मिळालेल्या माहितीवरून लगेच उठून जाऊन तो मारला. अ‍ॅरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या मदतीसाठी ट्रेल कॅमेरा वापरणंच बंद केलं, सेल असो वा साधा. त्यांचं कारण समजण्यासारखं आहे, मुलूख रखरखीत, पाणवठे मोजके, प्रत्येक प्राण्याला तिथे यावंच लागतं आणि त्या एकेका पाण्यावर कॅमेऱ्यांची रांग, शिवाय ते बघायला येणाऱ्या माणसांची वर्दळ. उटाहने सीझनच्या महिन्यांपुरते निर्बंध घातले, कॅन्ससने २०२३ मध्ये राज्याच्या वन्यजीव जमिनींवर बंदी आणली. आमच्याकडे पावलापावलावर ओढा-डबकं आहे, त्यामुळे अ‍ॅरिझोनाचा नियम जसाच्या तसा इथे लागू होत नाही, पण फोनवर येणाऱ्या लाइव्ह फोटोचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

तर करायचं काय. कार्डवाला कॅमेरा घ्या, जूनमध्ये लावा, लेबर डेला म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी काढा. आमचा धनुष्याचा सीझन सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतो, त्याआधी सगळे कॅमेरे घरी. उन्हाळाभर माद्या किती, पाडसं किती, कोणी लंगडतंय का, येण्याजाण्याच्या वाटा कुठल्या हे सगळं कळतं, आणि सीझनमध्ये हरणं वाटा बदलतात तेव्हा ते तुम्हाला स्वतः शोधावं लागतं. सेल कॅमेरा आधीच घेतला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन लगेच पाठवणं बंद करा, दिवसातून एकदा रात्री एकगठ्ठा फोटो येतील असं ठेवा, बहुतेक कॅमेऱ्यांत ती सोय असते.

किती लांबून मारायचं

इथे पोरं सगळ्यात जास्त फसतात. रेंजफाइंडर, गोळी किती खाली पडेल ते सांगणारं अ‍ॅप, डायल फिरवायचा स्कोप, हे सगळं मिळून माणसाला वाटायला लागतं की ५०० यार्डसुद्धा आपल्या आवाक्यात आहेत. आकडेच बघा. हरणाच्या छातीतला काळीज-फुप्फुसाचा भाग साधारण आठ-दहा इंचाचा गोल. ५०० यार्डांवर ताशी १० मैलाचा आडवा वारा नेहमीच्या रायफलची गोळी दीड-दोन फूट बाजूला नेतो, म्हणजे वाऱ्याचा अंदाज अर्ध्याने चुकला तरी गोळी छातीऐवजी पोटात. गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात चरणाऱ्या हरणाने एक पाऊल टाकलं की परत पोटातच. आणि हो, एवढ्या लांबून त्याचं नाक-कान-डोळे सगळंच बाद झालेलं असतं, तुम्ही तिथे आहात हे त्याला कळायची शक्यताच नाही.

धनुष्य-क्रॉसबोचं गणित वेगळं आणि मला ते फार आवडतं. ४० यार्ड म्हणजे १२० फूट. बाण सेकंदाला ३०० फुटांनी जातो, म्हणजे ०.४ सेकंद. दोरीचा आवाज सेकंदाला साधारण ११०० फुटांनी जातो, म्हणजे ०.११ सेकंद. हरणाला आवाज ऐकू आल्यावर बाण पोचायला जवळजवळ ०.३ सेकंद बाकी असतात, आणि सावध हरीण तेवढ्यात पळायला म्हणून खाली दबतं, बाण पाठीवरून जातो किंवा नको तिथे लागतो. सेकंदाला ४०० फुटांनी बाण सोडणारा महागडा क्रॉसबो घेतला तरी ०.२ सेकंद उरतातच. म्हणून डब्यावर किती यार्डांचं वचन दिलंय ते विसरा. २० यार्डांवर हा सगळा खेळ एक-दीड दशांश सेकंदावर येतो.

आपली मर्यादा कशी काढायची ते सांगतो. आठ इंचाच्या कागदी प्लेटा घ्या. बेंचवर रायफल टेकवून मारू नका, रानात जसे बसाल तसे बसा, जाड जॅकेट आणि हातमोजे घालून, थंडीत, आणि दिवसाला फक्त पहिली गोळी मोजा कारण हरणावर पण पहिलीच असते. पाच वेगवेगळ्या दिवशी पाचही पहिल्या गोळ्या प्लेटमध्ये बसतील ते अंतर तुमचं. माझं रायफलने १५० यार्ड आणि क्रॉसबोने ३० आलं, दहा वर्षांत ते फारसं वाढलेलं नाही आणि मी वाढवायच्या मागेपण नाही. आता रेंजफाइंडर घ्या, चांगली वस्तू आहे, बसल्या बसल्या आजूबाजूची चार झाडं मोजून ठेवा, त्या झाडाच्या पलीकडे काही उभं राहिलं तरी हात लावायचा नाही.

क्रॉसबोबद्दल मात्र एक सांगतो. विस्कॉन्सिनमध्ये २०१४ पर्यंत तो फक्त पासष्टीच्या पुढच्यांना आणि अपंगांना मिळायचा, मग सगळ्यांना मोकळा झाला, आणि साधं धनुष्य वापरणारे अजून चिडलेले आहेत की वर्षानुवर्षांचा सराव नको, एका दुपारीत शिकलं की झालं. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर ग्रँपांना धनुष्य ओढता येईना आणि क्रॉसबोमुळेच ते अजून रानात येतात. १९६९ मध्ये कंपाउंड बोचं, म्हणजे चाकं लावून ओढायला हलक्या केलेल्या धनुष्याचं, पेटंट निघालं त्यानंतर त्यावरही अशीच भांडणं झाली होती म्हणे, ते स्वतः तेव्हा विरोधात होते आणि नंतर तीस वर्षं कंपाउंडच वापरला. त्यामुळे इथे मी कोणाला नावं ठेवत नाही, फक्त अंतर कमी ठेवा म्हणतो.

वाऱ्याचं अ‍ॅप आणि म्हातारी

फोनवर वाऱ्याची दिशा दाखवणारी अ‍ॅप फुकट आहेत, वापरा, कुठल्या माचाणावर बसायचं ते घरूनच ठरतं. पण आमच्या भागात, ज्याला ड्रिफ्टलेस म्हणतात, सगळे डोंगर-घळी, तिथे अ‍ॅप एक सांगतं आणि घळीतली हवा दुसरंच करते. सकाळी ऊन लागलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते, म्हणून सकाळी हरणाच्या वाटेच्या वर बसायचं आणि संध्याकाळी खाली. ग्रँपांनी पहिल्या वर्षी खिशातून मिल्कवीडची वाळलेली शेंग काढून त्यातला एक रेशमी तुरा सोडला आणि मी बघतच राहिलो, ही तर आपली म्हातारी! रुईच्या शेंगेतून उडणारी, लहानपणी जिच्या मागे धावायचो तीच, मिल्कवीड रुईच्याच कुळातलं आहे. ती सोडली की चाळीस-पन्नास पावलांपर्यंत हवा कुठे वळते, कुठे खाली बसते सगळं डोळ्यांना दिसतं. ऑक्टोबरमध्ये रस्त्याच्या कडेच्या दोन शेंगा खिशात टाका, अख्खा सीझन पुरतात.

नकाशाचं अ‍ॅप

पैसे भरून घ्या, यात काही वाद नाही. पब्लिक जमीन कुठे संपते आणि कोणाची खाजगी कुठे सुरू होते ते तुमच्या ठिपक्यासकट दिसतं, चुकून कोणाच्या शेतात शिरायची भानगड नाही. पश्चिमेकडे तर या नकाशांमुळे अख्खा कायद्याचा प्रश्न उभा राहिला. तिथे सरकारी आणि खाजगी जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या आहेत, वायोमिंगमध्ये काही शिकारी एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून दुसऱ्या सरकारी चौकोनात गेले, खाजगी जमिनीला पाय न लावता, त्यावर वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०२५ मध्ये फेडरल अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. नकाशा हातात नसता तर तो कोपरा कुणाला सापडलाच नसता.

तोटा एवढाच की तुम्हाला दिसणारी आडबाजूची जागा सगळ्यांनाच दिसते, शनिवारी पहाटे तिथे तीन गाड्या आधीच उभ्या असतात. पर्यायी दोन जागा ठरवून ठेवा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, घरी लोकेशन शेअर करून जा, आणि थंडीत फोनची बॅटरी तासाभरात बसते म्हणून फोन आतल्या खिशात आणि होकायंत्र सोबत.

थर्मल आणि ड्रोन

थर्मल दुर्बिणीतून हरीण अंधारात, झुडपाआड, शरीराच्या उष्णतेने उजळलेलं दिसतं. सीझनमध्ये हरीण शोधायला हे घेऊ नका, बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहे आणि जिथे नाही तिथेही मी नको म्हणेन, लपणं हाच तर त्याचा शेवटचा उपाय. विमानातून शिकार करायला फेडरल कायद्याने १९७१ पासून बंदी आहे, ड्रोनने हरणं शोधून मारणं माझ्या मते त्याच जातीचं काम. २००५ मध्ये टेक्सासमध्ये एकाने इंटरनेटवरून, घरबसल्या माउसने रायफल चालवून प्राणी मारायची सोय काढली होती, तेव्हा शिकारी आणि प्राणीप्रेमी दोघं एकत्र विरोधात उभे राहिले आणि राज्यामागून राज्यांनी ते बंद केलं. त्यामुळे कुठेतरी रेषा आहे हे सगळ्यांना मान्य आहे, ती कुठे आखायची एवढाच वाद.

जखमी हरीण शोधायला ड्रोन, हा खरा अवघड प्रश्न. माझ्या पाचव्या सीझनला बाण छातीऐवजी मागच्या बाजूला लागला, रात्री पाऊस आला, रक्ताचा माग धुऊन गेला आणि ती मादी मला मिळाली नाही. दोन दिवस शोधलं. ते अजून डोक्यातून जात नाही. त्या रात्री कोणी ड्रोन आणला असता तर मी हो म्हटलं असतं. ओहायोमध्ये असे ड्रोनवाले बोलावता येतात, मिशिगनमध्ये कायदा त्याला परवानगी देत नाही आणि कोर्टातही तो टिकला, आपल्या राज्याचा या वर्षीचा नियम स्वतः तपासा. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की आधी थांबायचं, मग कुत्रा, मग परवानगी असेल तर ड्रोन, आणि ड्रोन उडत असताना कुणाच्याही हातात हत्यार नाही, आणि त्यात दुसरी हरणं कुठे दिसली ते बघायचं नाही, विचारायचंपण नाही.

थांबायचं म्हणजे किती ते पाठ करा. काळजात-फुप्फुसात लागलं असेल, रक्त गुलाबी फेसाळ असेल, तर अर्धा तास. यकृतात लागलं, रक्त गडद, तर चार-पाच तास. पोटात लागलं, हिरवट घाण आणि वास, तर आठ ते बारा तास. घाईने मागे गेलात तर बसलेलं हरीण उठतं आणि मैलभर जातं. बऱ्याच राज्यांत साखळीने धरलेला, माग काढणारा कुत्रा वापरता येतो, त्या कुत्र्यावाल्या लोकांचे नंबर सीझनच्या आधीच फोनमध्ये ठेवा, बहुतेक जण केवळ प्रेमापोटी येतात. शेवटचं रक्त दिसलं तिथे फोनमध्ये पिन टाका आणि झाडाला कागद बांधा, पाऊस यायच्या आत.

पण हरणं तर जास्त झालीत ना

हा प्रश्न दरवेळी येतो आणि बरोबरच आहे. हरणं जास्त, गाड्यांना धडकतात, जंगलातली नवी रोपं खाऊन टाकतात, आणि आमच्याकडे तर क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणजे सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग २००२ पासून आहे, मग कशाला उगाच अवघड करून घ्यायचं. काही उपनगरांत नगरपालिका पगारी नेमबाज आणते, रात्री, दाणे टाकून, थर्मल आणि सायलेन्सर लावून ते हरणं मारतात आणि मटण गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड पॅन्ट्रीला जातं. ते काम गरजेचं आहे, त्याला माझा विरोध नाही, मी त्याला शिकार म्हणत नाही इतकंच. संख्या कमी करायची तळमळ असेल तर मोठ्या शिंगांच्या नराची वाट बघण्यापेक्षा मादीचं टॅग म्हणजे एक मादी मारायचा परवाना घ्या आणि पहिली मादी समोर आली की नेम धरा, संख्या माद्यांवर ठरते. त्याला एकही गॅजेट लागत नाही.

ज्यावर खुशाल पैसे घालवा

फुल-बॉडी हार्नेस आणि झाडाला बांधायची लाइफलाइन, पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत अडकवलेली. माचाणावरून पडून इथे दरवर्षी माणसं जातात, कंबरडी मोडतात. दुसरं, तांब्याच्या गोळ्या. शिशाची गोळी आत फुटते आणि बारीक कण जखमेपासून बरेच लांब मटणात जातात, एक्स-रेत दिसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पोरांच्या ताटात ते नको, शिवाय टाकलेली आतडी खाणाऱ्या गरुडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद केलं, आमच्याकडे सक्ती नाही तरी मी तांबंच वापरतो. डबा थोडा महाग पडतो पण सीझनला लागतात किती, सरावासकट वीस-पंचवीस.

हरीण पडल्यावर

विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंदणी करायची, फोनवरून दोन मिनिटांचं काम. फोटो काढायचा तर जीभ आत, रक्त पुसून, आणि घरच्या ग्रुपवर टाकायच्या आधी विचारून, माझ्या आईला ते बघवत नाही आणि तिचं बरोबर आहे. मटणाला चरबी जवळजवळ नसते, आपलं सुक्कं करायला उत्तम, पण बकऱ्यापेक्षा कमी आचेवर आणि थोडं तेल जास्त घालून, नाहीतर चिवट होतं. खायच्या आधी सीडब्ल्यूडीची टेस्ट करा. डोकं चार-पाच इंच मानेसकट कापून राज्याने ठेवलेल्या किऑस्कमध्ये टाकायचं, फॉर्म भरायचा, पैसे लागत नाहीत, निकाल साधारण दोन आठवड्यांत येतो. पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका असं सीडीसी, म्हणजे इथली सरकारी आरोग्य संस्था, सांगते. तोपर्यंत त्या हरणाच्या सगळ्या पिशव्या फ्रीझरमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि प्रत्येकीवर मार्करने तारीख आणि टॅगचा नंबर लिहा, दोन हरणं मिसळली आणि एक पॉझिटिव्ह निघालं तर दोन्ही टाकावी लागतात.